शिकार आणि रानातला वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करतो, जिथे कायद्याने चालतं तिथे (भारतात चालत नाही, प्रश्न १२ पाहा). हे कळलं की लोक प्रश्न विचारतात, काही कुतूहलाने, काही रागाने. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. कुणाला शिकारीला लावायचा हेतू नाही. खरं तर वाचून निम्म्या लोकांनी बेत रद्द केला तर मला बरंच वाटेल.

१. खरं सांगा, शिकारीत मजा कसली येते?

चारचौघांत द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. हरणांची संख्या वाढते, मांस चांगलं असतं, व्यायाम होतो. ती खोटी नाहीत (प्रश्न ६ आणि ७ पाहा), पण त्यांच्यासाठी कुणी पहाटे साडेतीनला कडाक्याच्या थंडीत अंथरूण सोडत नाही. मी उठतो ते रानात बसायला मिळावं म्हणून.

अंधारात मचाणावर चढून बसलं की पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच घडत नाही. आपल्या येण्याने सगळं रान गप्प झालेलं असतं. मग कुठेतरी पाचोळ्यात खुडबुड होते. एक पाखरू बोलतं, दुसरं त्याला साथ देतं. उजाडताना रंग दिसत नाहीत, आधी नुसत्या कडा दिसतात. झाडाची कड, दगडाची कड, आणि मग त्यातल्या एका दगडाला कान आहेत हे लक्षात येतं. त्या क्षणी छातीत जे होतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. ते हरीण मारण्याजोगं असतंच असंही नाही. बहुतेक वेळा नसतं.

२. मग नुसतं फिरायला जा ना. बंदूक कशाला?

सर्वांत जास्त आलेला आणि सर्वांत अडचणीत आणणारा प्रश्न.

मी बिनबंदुकीचाही पुष्कळ हिंडतो. पण तेव्हा मी वाटेने चालतो आणि रान माझ्या दोन्ही बाजूंना असतं. शिकारीला निघालो की वारा कुठून येतोय ते सतत ठाऊक असावं लागतं. पाऊल ओल्या पानावर पडणार की सुक्या काटकीवर, हे टाकण्याआधी बघावं लागतं. गरज असली की माणूस लक्ष देतो. एरवी देईन म्हणतो आणि दहा मिनिटांत घरच्या कटकटींचा विचार करायला लागतो.

फोटो काढणाऱ्यांना हेच सगळं करावं लागतं आणि त्यांचं जनावर जिवंत परत जातं, हा मुद्दा मला मान्य आहे. जिम कॉर्बेट यांनी नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागावर कित्येक वर्षं घालवली आणि पुढे त्यांचा जीव बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात जास्त रमला. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्ष्यांच्या नादाला लागले ते कायमचे. म्हणजे बंदुकीकडून निघणारी ही वाट चांगली मळलेली आहे. मी तिच्यावर अजून पूर्ण गेलेलो नाही. रानात जे चाललेलं असतं, खाणं आणि खाल्लं जाणं, त्यात मीही आहे असं मला वाटून घ्यायचं असतं. हे कुणाला ढोंग वाटेल. वाटो.

३. ही मर्दुमकी दाखवायची हौस नाही का?

काहींची असते. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून फोटो काढणारा दिसला की मी त्याच्यासोबत पुन्हा जात नाही.

वाद मात्र फार जुना आहे. कामातून, म्हणजे सुखाच्या ओढीतून, जन्मणाऱ्या दहा व्यसनांची यादी मनूने दिली आहे, तिच्यात मृगया पहिली. कौटिल्यही तिला व्यसनातच मोजतो, पण जुगाराशी तुलना करायची वेळ आली की तिची बाजू घेतो. व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, शिवाय भ्यालेल्या आणि चिडलेल्या जनावराचं मन कळतं. मला यातलं शेवटचं कारण पटतं. मेद काही झडलेला नाही.

४. दिवसभर बसून काहीच मिळालं नाही तर वैताग येत नाही?

नवखा होतो तेव्हा यायचा. आता दहा वेळा गेलो तर आठ-नऊ वेळा रिकाम्या हाताने येतो. घरी विचारतात, "काय मिळालं?" मी सांगतो, एक कोल्हा दिसला, तो मचाणाच्या खाली येऊन माझ्याच बुटाचा माग हुंगत उभा राहिला आणि शेवटपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. एवढ्यावर दिवस वसूल होत नसेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

५. यात शिकण्यासारखं एवढं काय असतं? नेम चांगला असला की झालं ना?

नेम हा सगळ्यात सोपा भाग. तो मैदानावर शिकता येतो. बाकीचं रानातच शिकावं लागतं, आणि खरी गोडी तिथेच आहे.

पहिला गुरू वारा. हरणाला तुम्ही दिसलात तर ते कधीकधी थबकून बघत राहतं. तुमचा वास लागला की थांबत नाही. डोंगरउतारावर वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. सकाळी ऊन लागून उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून सकाळी जनावराच्या वरच्या अंगाला बसायचं आणि संध्याकाळी खालच्या. मी खिशात राखेची छोटी पुडी ठेवतो. चिमूटभर सोडली की वारा कुणीकडे वळतोय ते डोळ्यांना दिसतं.

दुसरं म्हणजे ठसे. ओल्या मातीतल्या ठशाची कड धारदार असली तर जनावर नुकतंच गेलंय. कड ढासळून आत चार कण पडले असले तर वेळ झाला. रानडुकराच्या ठशात खुरांच्या मागची दोन छोटी नखं बाजूला रुंद उमटतात. हरणाच्या ठशात ती सहसा चिखलात किंवा धावतानाच दिसतात. हे वाचून लक्षात राहत नाही. गुडघे टेकून, बोटाने कड चाचपून बघावी लागते.

आणि नारिंगी जॅकेट. "एवढा भडक रंग घालून जनावर जवळ कसं येतं?" असं बरेच जण विचारतात. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि नारिंगी त्यांना ठळक दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून नारिंगी जॅकेट दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतं आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही. निळी जीन्स घालून बसणारा हसं करून घेतो.

६. संख्या आटोक्यात ठेवायला शिकार लागते, हे खरं की निमित्त?

जागेवर अवलंबून आहे. जिथे लांडग्यासारखे मोठे शिकारी प्राणी माणसाने आधीच संपवले, तिथे हरणं वाढतात आणि कोवळी रोपं खाऊन पुढची झाडंच उगवू देत नाहीत. आल्डो लिओपोल्ड तरुणपणी अमेरिकेच्या वनखात्यात होते. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, असं तेव्हा त्यांनाही वाटायचं. पुढे उघडेबोडके डोंगर पाहून त्यांनी मत बदललं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे परत आणून सोडले, ते याच विचाराच्या वाटेने.

पैशाची बाजूही आहे. अमेरिकेत १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी खास तिकीट घ्यावं लागतं आणि त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला.

पण याच देशात रानगव्यासारखे बायसन कोट्यवधींवरून हजाराच्याही खाली आले होते. आणि आकाश झाकून टाकणाऱ्या थव्यांच्या पॅसेंजर पिजन या कबुतरांची शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. दोन्हींमागे बंदूकच होती, बेलगाम आणि बाजारासाठी चाललेली. त्यामुळे "शिकारीने निसर्ग वाचतो" असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारतो, कुठे, कुठला प्राणी, किती, आणि मोजलं कुणी?

मी स्वतः संख्या आटोक्यात ठेवायला जात नाही. ती मोजणारे लोक वेगळे असतात. ते जो आकडा देतात त्याच्या आत राहून मी जातो.

७. मांसासाठी म्हणता. मांस तर दुकानात मिळतं की!

मिळतं, कापून, धुऊन, चेहरा नसलेलं. मला त्या मांसाबद्दल काही म्हणायचं नाही, मीही ते खातो. फरक मेहनतीत आहे.

जनावर पडल्यावर खरं काम सुरू होतं. पोट फाडून आतडी काढायची, तीही जठर किंवा मूत्राशय न फोडता. थंडीत बोटं बधिर झालेली असतात आणि आत हात घातला की कोपरापर्यंत ऊब लागते. हे पहिल्यांदा करताना मी दोनदा बाजूला जाऊन उभा राहिलो होतो. मग लवकरात लवकर मांस गार करायचं, ओढत किंवा खांद्यावर टाकून आणायचं, काही दिवस थंड जागी टांगून ठेवायचं, सोलायचं, तुकडे करायचे. घाबरून खूप धावलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते, त्यामुळे ते मांस काळपट होतं आणि लवकर खराब होतं. म्हणजे एका बारात काम झालं पाहिजे, हे दयेचं आणि स्वयंपाकाचं दोघांचंही म्हणणं. एवढं केल्यावर ताटात काही उरवायचा धीर होत नाही.

८. रानातलं मांस खाणं सुरक्षित असतं का?

चार गोष्टी सांभाळल्या तर.

रानडुक्कर आणि अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस होईपर्यंत शिजवायचं. गोठवण्यावर विसंबू नका, रानटी प्राण्यांमधल्या काही जाती गोठूनही जगतात.

हरणांमध्ये झिजत जाण्याचा एक प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनांचा) आजार असतो. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा लक्षात आला. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण शिजवून प्रायॉन मरत नाहीत. म्हणून तो जिथे आढळतो तिथे तपासणी करून घ्यायची, आणि आजार निघाला तर मांस टाकून द्यायचं.

शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच लांब जातात. गरोदर बायका आणि लहान मुलांना असं मांस देऊ नये. मी तांब्याच्या गोळ्या वापरतो. कॅलिफोर्नियात तर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंद आहेत. तिथल्या काँडर गिधाडांना त्याच शिशाची विषबाधा होत होती.

चौथी गोष्ट साधी आहे. आजारी दिसणारं, लाळ गाळणारं, विनाकारण माणसाजवळ येणारं जनावर असेल तर हात लावू नका, कळवा.

९. मारताना वाईट वाटत नाही?

वाटतं. दर वेळी. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी थांबेन असं ठरवलंय. जर्मन शिकाऱ्यांत मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवण्याची रीत आहे, त्याचा शेवटचा घास म्हणून. मी डहाळी ठेवत नाही, पण जवळ जाऊन थोडा वेळ बसतो. तेवढ्यात हातांचं थरथरणंही थांबतं.

१०. गोळी नीट लागली नाही आणि जनावर जखमी होऊन पळालं तर?

तर ते शोधायचं, कितीही वेळ लागो. यावर माझ्याकडे दाखवण्याजोगं कर्तृत्व नाही, एक चूक आहे.

संध्याकाळ होती, उजेड कमी होत चालला होता. हरीण थोडं तिरकं उभं होतं. पुढच्या पायामागे छातीवर नेम धरायचा, तिथे हृदय आणि फुप्फुसं असतात. जनावर तिरकं असेल तर थांबायचं, हे मला माहीत होतं. मी थांबलो नाही. बार झाल्यावर ते पाठ वाकवून उडालं आणि झुडपात शिरलं. जागेवर जाऊन पाहिलं तर रक्त थोडं आणि गडद, त्यात हिरवट काहीतरी आणि आंबूस वास. फुप्फुसाचं रक्त फेसाळ, गुलाबी असतं. हे पोटाचं होतं.

अशा वेळी लगेच मागे धावलं तर जनावर उठून मैलभर जातं. काही तास थांबावंच लागतं. मी थांबलो, आणि ते थांबणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक होतं. मग माग काढायला शिकवलेला कुत्रा असलेल्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं. टॉर्चच्या उजेडात एकेक पान उलटत गेलो. पानाच्या खालच्या बाजूला ठिपका असला तर जनावराचं अंग घासून गेलंय, वरच्या बाजूला असला तर थेंब पडलाय. मध्यरात्रीनंतर कुत्र्याला ते सापडलं. मेलेलं होतं, अंग अजून गार झालेलं नव्हतं. म्हणजे बराच वेळ जिवंत होतं.

कुत्र्याचा मालक मला काही बोलला नाही. पुढचे दोन महिने मी बंदूक कपाटातून काढली नाही. तेव्हापासून जनावर आडवं उभं नसेल, गोळी अडवायला मागे मोकळी माती नसेल किंवा मनात जराही शंका असेल, तर चाप ओढत नाही. लक्षात ठेवा, हृदयात बसलेल्या गोळीनंतरही हरीण पन्नास-शंभर मीटर धावू शकतं. पळालं म्हणजे चुकलं असं धरून घरी जाऊ नका.

११. शिंगांसाठी, ट्रॉफीसाठी शिकार करणाऱ्यांबद्दल काय मत?

मला पटत नाही, पण प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही. झिम्बाब्वेत २०१५ मध्ये सेसिल नावाचा सिंह मारला गेला तेव्हा जगभर संताप झाला आणि तो मला समजतो. दुसरीकडे नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क मिळाले, आणि तिथे मोजक्या परवान्यांचा पैसा गावात येतो. केनियाने १९७७ मध्ये अशी शिकार पूर्ण बंद केली. तीन देश, तीन वाटा. भिंतीवर लावायला म्हणून जनावर मारणं माझ्या हातून होणार नाही, एवढंच मी सांगू शकतो.

१२. भारतात शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवाना मिळण्याची वाटच बंद झाली. कायद्यातली "शिकार" तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, इतकंच काय पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही तिच्यात येतं. "नुसता ससा होता" हा बचाव चालत नाही.

अपवाद दोन-तीनच. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. खरोखर जीव वाचवताना जनावर मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण ते जनावर सरकारची मालमत्ता होतं. आजोबांच्या काळातलं मुंडकं किंवा कातडं घरात असेल तर तो वेगळा विषय आहे. विकायच्या किंवा भेट द्यायच्या भानगडीत न पडता वनखात्याशी बोला.

१३. परवाना असो नसो, मारलं ते मारलंच. चोरटी शिकार वेगळी कशी?

जनावराच्या बाजूने बघितलं तर वेगळी नाही, कबूल. रानाच्या बाजूने बघितलं तर आहे. परवान्यात हंगाम असतो, तो पिलांच्या काळात बंद असतो. किती, नर की मादी, कुठल्या भागात, हे ठरलेलं असतं. जर्मनीत तर परवान्याआधीची परीक्षा इतकी अवघड असते की लोक तिला गमतीने "हिरवी बारावी" म्हणतात. चोरट्या फासाला यातलं काही कळत नाही, गाभण मादीही अडकते.

१४. एकट्याने रानात जायची भीती वाटत नाही?

जनावरांची क्वचितच. घसरून पडण्याची वाटते. झाडावरच्या मचाणावरून पडणं हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे, आणि ते बहुतेक चढता-उतरताना होतं. पडू नये म्हणून लागणारा पट्टा जमिनीवर असतानाच अंगाला बांधायचा, बंदूक रिकामी करून दोरीने नंतर वर ओढायची. थंडीत सुती कपडे नकोत, भिजले की अंगातली ऊब शोषून घेतात. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. कुठे जातोय आणि कधीपर्यंत येईन हे घरी कागदावर लिहून ठेवायचं, फोनला रेंज नसतेच. शिट्टी जवळ ठेवा. थांबून थांबून तीनदा वाजवली की मदत हवी असा अर्थ होतो.

१५. मला बंदूक नको, पण ते बसणं हवंय. कसं सुरू करू?

या प्रश्नाची मला सर्वांत जास्त आवड आहे.

जायला परवानगी असलेली एकच जागा धरा. दर वेळी नवी नको. उजाडायच्या आधी अर्धा तास पोहोचा, वारा तोंडावर घेऊन, मागे झाड किंवा खडक येईल असे बसा, म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसणार नाही. फोन बंद. अर्धा तास हलू नका, खाज सुटली तरी. मान वळवायची तर घड्याळाच्या तासकाट्यासारखी. पूर्ण प्राणी शोधू नका, रानात तो तसा दिसतच नाही. आडव्या रेषा शोधा. झाडं उभी असतात, पाठ आडवी असते. पाखरांच्या बोलण्यातला बदल ऐका. अचानक गलका झाला तर कुणीतरी येतंय, अचानक शांतता झाली तरीही. पाच-सहा वेळा बसल्यावर त्या जागेचे रहिवासी ओळखीचे होतात. वारा आणि ठसे कसे वाचायचे ते प्रश्न ५ मध्ये आहे.

१६. मुलांना सोबत न्यावं का?

बसायला जरूर न्या, तासाभराने परत आणा, खाऊ जास्त न्या. मारताना बघायचं का, हे त्यांनी स्वतःहून विचारेपर्यंत थांबा. माझी मुलगी विचारून आली, बघितलं, आणि म्हणाली, पुन्हा नाही. तो विषय तिथे संपला. ठसे मात्र ती माझ्यापेक्षा चांगले ओळखते.

१७. आता बंदूक उचलवत नाही, पण रान सुटत नाही. अशाला शिकारी म्हणतात का?

विस्कॉन्सिनमधल्या दोन प्राध्यापकांनी, जॅक्सन आणि नॉर्टन यांनी, शिकाऱ्यांशी बोलून त्यांच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. आधी नुसते बार काढायचे, मग जास्तीत जास्त मारायचं, मग मोठ्यात मोठं मारायचं, मग पद्धतीत रमायचं, आणि शेवटी नुसतं तिथे असण्यात समाधान मानायचं. सगळे याच क्रमाने जातात असं नाही. मी स्वतः मधल्या कुठल्यातरी पायरीवर दोनदा घसरलोय.

ज्यांनी मला शिकवलं ते काका आता पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. बंदूक त्यांनी देऊन टाकली, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी दुर्बीण आणि थर्मास घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. मागच्या खेपेला एक मादी मोकळ्यावर आली. आडवी उभी, अंतर बरोबर, मागे मातीचा उतार. मी बंदूक खांद्याला लावली. काकांनी दुर्बीण न काढता दोन बोटं माझ्या दंडावर ठेवली आणि पुटपुटले, "थांब. मागच्या गवतात पाडस आहे."

मी दोन मिनिटं त्या गवताकडे बघत राहिलो, तेव्हा कुठे मला एक कान दिसला.